वीस ब्लाइंडांवरून साडेतीनवर

टूर्नामेंट पोकरमध्ये सगळ्यात अवघड अवस्था कुणाची, असं विचारलं की बहुतेक जण चिप्स संपत आलेल्या खेळाडूकडे बोट दाखवतात. मला तसं वाटत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: सगळ्या चिप्स पुढे ढकलायच्या, नाहीतर पानं टाकून डाव सोडायचा. खरा कस लागतो तो मधल्याचा, ज्याच्यासमोर पंधरा ते पंचवीस बिग ब्लाइंड (सक्तीने लावायच्या रकमेच्या तितक्या पट चिप्स) आहेत त्याचा. आपल्याकडे अजून वेळ आहे असं त्याला वाटत राहतं. तो चांगल्या पानांची वाट बघत बसतो, आणि पानं येईपर्यंत त्याच्या स्टॅकचा, म्हणजे समोरच्या चिप्सच्या साठ्याचा, धाक गेलेला असतो. समोरच्याने विचारात पडून पानं टाकावीत एवढ्या चिप्स हाताशी असणं, हेच मधल्या आणि छोट्या स्टॅकचं खरं बळ. ते बळ असतानाच वापरायचं असतं. हे मी पाढे पाठ करावेत तसं शिकले, आणि गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी ते सगळंच्या सगळं एकाच संध्याकाळी वापरायची वेळ आली.

ज्यांनी रमी आणि तीन पत्तीच खेळली आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि पाच पानं सगळ्यांसाठी मधे उघडतात: आधी एकदम तीन, ती फ्लॉप, मग टर्न, मग रिव्हर. पानं वाटण्याआधी दोघांना सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात, एकाला स्मॉल ब्लाइंड आणि त्याच्या डावीकडच्याला बिग ब्लाइंड. पुढच्या टप्प्यांत बिग ब्लाइंडवाला साऱ्या टेबलाच्या वतीने अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची रक्कमही भरतो. ही पाळी दर डावाला एक खुर्ची पुढे सरकते आणि रक्कम ठरावीक वेळाने वाढते. चिप्स संपल्या की उठायचं. आमच्याकडे प्रत्येकाला सुरुवातीला १०,००० चिप्स मिळतात. पहिला टप्पा ५०-१०० चा, म्हणजे हाताशी १०० बिग ब्लाइंड. ५००-१००० चा टप्पा येईपर्यंत ज्याने एक चिपही गमावली नाही त्याच्याकडे तेच १०,००० असतात, पण आता ते फक्त १० बिग ब्लाइंड झालेले असतात. म्हणून स्टॅक हजारांत मोजण्यात काही अर्थ नाही.

आमचा खेळ इंदूरच्या लोकमान्य नगरात, आमच्याच दिवाणखान्यात, शनिवारी संध्याकाळी चालतो. नऊ खुर्च्या. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेले आणि तितकीच वर्षं ब्रिज खेळलेले. शिवाय भावजी, चुलत जाऊबाई, शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका, आणि बाकीची भावजींची मित्रमंडळी. पैसे लावत नाही. पोकर म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो, म्हणून मुद्दाम सांगते. पैसे लावून पत्ते खेळायला १८६७ सालच्या जुगारविरोधी कायद्याची आडकाठी आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली. पण हे दोन्ही कायदे नसते तरी माझ्या दिवाणखान्यात पैसे आले नसते. पैसा टेबलावर आला की हरलेल्या डावाबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही, आणि आमच्याकडे शिकणं जे होतं ते त्या बोलण्यातूनच होतं. आम्ही गुण ठेवतो: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, बाकी सहा जणांना शून्य. वर्षाअखेरीस ज्याचे गुण जास्त त्याच्याकडे फिरती ढाल जाते.

माझी शिकायची रीत अशी होती. सकाळी कुकर लावला की ओट्याच्या कोपऱ्यात पत्त्यांची गड्डी ठेवायची. दोन पानं उचलायची, मनात एक स्टॅक आणि एक खुर्ची धरायची, आणि निर्णय तोंडाने बोलून टाकायचा: ढकल किंवा टाक. मग तक्ता बघायचा. छोट्या स्टॅकसाठी असे तक्ते तयार मिळतात. गणितज्ञ जॉन नॅशच्या समतोलाच्या कल्पनेवर ते बेतलेले असतात: ढकलणारा आणि कॉल करणारा, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून त्याला भिडणारा, दोघांनीही आपापली चाल निर्दोष ठेवली तर कुठल्या पानांवर काय करावं, एवढंच त्यांत असतं. तक्ता पाठ करणं हा माझा हेतू नव्हता. माझं उत्तर आणि तक्त्याचं उत्तर जिथे वेगळं येई तिथे का, हे शोधायचं होतं.

बहुतेक वेळा ते ‘का’ खुर्चीत सापडायचं. १० ब्लाइंड असताना नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या, म्हणजे सगळ्यांच्या आधी बोलणाऱ्या, खुर्चीवरून साधारण सातातल्या एकाच डावात सगळं ढकलावं असं तक्ता सांगतो. बटनावरून, म्हणजे मागे फक्त दोघे ब्लाइंडवाले उरलेले असताना, तीनातल्या एकाहून जास्त. स्मॉल ब्लाइंडवरून अर्ध्याहून जास्त. पानं तीच, स्टॅक तोच. नानांनी एकदा वहीच्या मागच्या पानावर याचं कारण मांडून दाखवलं. “जोडी दर सतरा डावांत एकदा येते, सूनबाई. आता तुझ्या मागे आठ जण बसलेत. त्यांतल्या कुणाकडे तरी जोडी असण्याची शक्यता काढ.” ती निघाली सुमारे ३८ टक्के. मागे दोघेच असतील तर ११ टक्के. तेव्हापासून मी आपली पानं बघायच्या आधी मागे किती जण बाकी आहेत ते मोजते.

दुसरी गोष्ट आधी कोण ढकलतो त्याची. ढकलणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात, समोरच्याने पानं टाकली तरी आणि उघड्यावर आपली पानं सरस ठरली तरी. कॉल करणाऱ्याला एकच. ५००-१००० ब्लाइंड आणि १००० अँटी असताना मधे आधीच २५०० पडलेले असतात. बटनावरून १०,००० ढकलले आणि दोघांनीही टाकलं तर स्टॅक पाव पटीने वाढला, एकही पान न उघडता. कॉल आला तर ३६ टक्केच जिंकेल असा साधारण हात धरला, तरी दोघांनी मिळून निम्म्याहून थोड्या कमी वेळा टाकलं की आपलं नुकसान नाही. हा हिशेब मी वहीत पुन्हा पुन्हा केला, कारण पहिल्यांदा त्यावर विश्वास बसेना.

तिसरी गोष्ट एम नावाच्या मापाची. डॅन हॅरिंग्टन हा १९९५ चा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा विजेता. त्याने हे माप लोकप्रिय केलं. पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनपटूच्या आडनावावरून त्याला एम म्हणतात. एका फेरीत सक्तीने जेवढ्या चिप्स जातात त्या संख्येने आपला स्टॅक भागायचा. वरच्या टप्प्यात १०,००० चा एम चार: काही न करता बसून राहिलं तर चार फेऱ्यांत उठावं लागणार. नऊ जण असताना चार फेऱ्या म्हणजे ३६ डाव. पाचच जण उरले असतील तर २०. माणसं उठत जातात तसा तोच स्टॅक जास्त वेगाने वितळतो. आमच्यातल्या अनेकांना हे अजून मनापासून पटलेलं नाही. टेबल रिकामं होत जातं तसं त्यांना उलट हायसं वाटतं.

मधल्या स्टॅकला मात्र असा सोपा तक्ता नाही, आणि मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. वीस ब्लाइंडांवर तुम्ही २.२ ब्लाइंडांपर्यंत वाढवलं, कुणी कॉल केलं, फ्लॉप चुकला आणि तरी आणखी तीन टाकून बघितले, की स्टॅकचा पाव भाग गेला. छोट्या जोड्या घेऊन फ्लॉप बघायची हौस इथे परवडत नाही. तिसरं पान फ्लॉपवर साडेआठांत एकदाच लागतं, आणि लागल्यावर जे मिळणार ते साडेसात वेळांचा खर्च भरून काढण्याएवढं नसतं. एकाच रंगाची सलग पानं, सत्ती-अठ्ठी वगैरे, शंभर ब्लाइंडांवर सुंदर दिसतात आणि वीसवर नुसती दिसतात. एक्के आणि राजे वर येतात. या अवस्थेतलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे दुसऱ्याने वाढवल्यावर त्याच्यावर सगळं ढकलणं. पंधराच्या खाली ते बोथट होतं, कारण समोरच्याला कॉल स्वस्त पडतो. पंचवीसच्या वर ते महाग पडतं, कारण थोडक्यासाठी फार लावावं लागतं.

तो शनिवार डिसेंबरातला. जाऊबाईंनी गराडूचा कंद तळून वर जिरावन मसाला भुरभुरला होता, आणि पत्त्यांना तेलाचे हात लागू नयेत म्हणून नाना नेहमीप्रमाणे टूथपिक वाटत होते. सुरुवातीचे टप्पे मी झटकन सोडते, सांगण्यासारखं काही घडलं नाही. ३००-६०० चा टप्पा, अँटी ६००, सहा जण उरलेले, माझ्याकडे १२,०००. बरोबर वीस ब्लाइंड.

स्मॉल ब्लाइंड माझा होता. बँकवाल्या काकांसमोर त्या वेळी चिप्सचा ढीग होता आणि ढीग असला की ते सढळ हाताने वाढवतात. माझ्या दोन खुर्च्या आधीवरून त्यांनी १४०० केले. भावजींनी टाकलं. मी पानं उचलून बघितली: एक्का-पंजी, दोन्ही बदाम. नुसतं कॉल करून फ्लॉप बघण्याजोगं हे पान नाही, कारण फ्लॉपपासून पुढे दर वेळी मला आधी बोलावं लागेल. ढकलण्याजोगं मात्र फार चांगलं आहे. मधे २९०० जमले होते, त्यांतले माझे ३००. माझ्या हातात एक एक्का असल्यामुळे काकांकडे एक्क्यांची जोडी असायचे सहा प्रकार तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळा बारावर. म्हणजे ज्या पानांची मला भीती, तीच त्यांच्याकडे असणं अवघड झालेलं. आणि त्यांनी कॉल केलाच, तरी बहुतेक पानांपुढे तीनातला एक डाव तरी माझा. मी सगळं पुढे केलं. काकांनी बराच वेळ माझ्याकडे आणि मग स्वतःच्या ढिगाकडे बघितलं. “काकू, आज जोरात आहात,” म्हणत पानं टाकली. १२,००० चे १४,६०० झाले. वीस ब्लाइंडांचा धाक म्हणतात तो हा. दहा ब्लाइंडांवर त्यांनी त्याच पानांनी मला हसत कॉल केलं असतं.

त्याच टप्प्यात मला बटनावर एक्का-दश्शी आली, आणि ती मी लगेच टाकली. पहिल्या खुर्चीवरून नानांनी वाढवलं होतं. ब्रिजवाला माणूस, मागे पाच जण असताना विनाकारण तोंड उघडत नाही. एक्का-राजापुढे माझी एक्का-दश्शी चारांत एकदाच जिंकते. मघाशी ढकललेली एक्का-पंजी कागदावर याहून हलकी होती. काकांसमोर ती सोनं होती आणि नानांसमोर एक्का-दश्शी माती. मधल्या स्टॅकने आपल्या पानांपेक्षा समोरच्याच्या सवयीवर जास्त लक्ष ठेवावं असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी आपण डावात नसतानाही टेबलाकडे बघत राहावं लागतं. आमच्याकडे डाव टाकला की मोबाइल हातात घेणारे आहेत. त्यांना ही माहिती फुकट मिळत असते आणि ते ती घेत नाहीत.

५००-१००० चा टप्पा लागला तेव्हा पाच जण होतो आणि मी १२,५०० वर. बिग ब्लाइंड आणि अँटी मिळून २००० माझे आत गेलेले. काकांचा ढीग एव्हाना ओसरला होता. बटनावरून त्यांनी होते तेवढे ८००० ढकलले. भावजींनी टाकलं. माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी. आणखी ७००० घालून मधले १०,५०० जिंकायचे होते, म्हणजे ४० टक्के मिळाले तरी पुरे, आणि बटनावरून काका ज्या पानांवर ढकलतात त्या सगळ्यांपुढे अठ्ठ्यांना त्याहून बरंच जास्त मिळतं. कॉल. त्यांनी राजा-राणी उघडली. निम्म्याहून किंचित जास्त माझी बाजू, टर्नपर्यंत अठ्ठ्या पुढे, आणि रिव्हरला राणी.

माझ्यासमोर ३५०० राहिले. साडेतीन ब्लाइंड.

या क्षणी माणसं दोन प्रकारे वागतात. काही जण पुढच्याच डावात काहीही हातात असो, सगळं लोटून मोकळे होतात. काही जण उलट मुठीत धरून बसतात. दुसऱ्या प्रकाराला खतपाणी घालणारी एक गोष्ट जगभर सांगतात: १९८२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जॅक स्ट्रॉसकडे एकच चिप उरली होती आणि तरीही तो जिंकला. भावजींना ती फार प्रिय आहे. माझ्या मते तिने जितक्यांना धीर दिला त्याहून जास्त जणांचे डाव लांबवून बुडवले. एक चिप असली तरी आशा असते हे खरं, पण ती वापरायची योग्य वेळ एकेका डावाने निघून जात असते.

मी वेळ मोजली. पुढचा डाव स्मॉल ब्लाइंडचा, त्यात ५०० जाणार. मग बटन, मग त्याच्या आधीची खुर्ची, मग पहिली खुर्ची, आणि पाचव्या डावाला पुन्हा बिग ब्लाइंड, तेव्हा उरलेल्यातले २००० एका दमात जातील. म्हणजे चार डाव माझ्या मालकीचे. इतक्या थोड्या चिप्सला कुणी घाबरणार नाही, बिग ब्लाइंडवाला कॉल करणारच, हे धरून चालायचं. धाक नसला की पानाची उंची हवी, कारण डाव बहुतेक शेवटपर्यंत उघडाच होणार. या चारांतलं सगळ्यात उंच पान निवडायचं आणि ते निवडताना पाचवा डाव उजाडू द्यायचा नाही, एवढंच काम.

स्मॉल ब्लाइंडला नव्वी-तिर्री आली आणि भावजींनी माझ्याआधी वाढवलं, टाकली. बटनावर अठ्ठी-दुर्री, टाकली. तिसऱ्या डावाला राजा-नव्वी, चौकटची. ३००० पुढे. बिग ब्लाइंडला काकाच होते. त्यांना आणखी २००० टाकून ७५०० चा डाव खेळायला मिळत होता, २७ टक्के पुरेसे. त्यांनी सत्ती-चौकीवर कॉल केलं आणि ते बरोबरच होतं. साधारण दोन-तृतीयांश डाव माझा होता, राजाने तो राखला, आणि मी साडेसात ब्लाइंडांवर आले. साडेतीनपासून साडेसातपर्यंतचं हे अंतर चिप्समध्ये ४००० चं आहे. खेळात ते फार मोठं आहे, कारण साडेसातवर माणसं पुन्हा विचार करून पानं टाकायला लागतात. पुढच्या फेऱ्यांत मी तेच केलं: कुणी आत शिरलेलं नसलं आणि मागे एखाददुसराच असला की ढकललं, बाकीचं टाकलं. एकदाही पान उघडावं लागलं नाही.

काका पाचवे उठले. चौघे उरलो आणि गुण तिघांनाच. याला बबल म्हणतात, आणि इथे गणित बदलतं.

नानांनी आम्हाला हे एकदा समान स्टॅक घेऊन समजावलं होतं. चौघांकडे सारख्या चिप्स, तर १०० गुणांतले प्रत्येकाच्या वाट्याचे २५. आता दोघे सगळं लावून भिडले, एक उठला. जिंकलेल्याकडे निम्म्या चिप्स आल्या. त्याचे गुण ५० झाले का? नाही. पहिला यायची शक्यता निम्मी, दुसरा यायची एक-तृतीयांश, तिसरा यायची एक-षष्ठांश. ५०, ३० आणि २० ने गुणून बेरीज केली की ३८.३ येतात. चिप्स दुप्पट, गुण दीडपट. हरला तर मात्र पूर्ण २५ गेले. म्हणजे ब्लाइंडांचं बाजूला ठेवलं तर कॉल करायला ६५ टक्के खात्री हवी, आणि कुठल्याही दोन पानांपुढे वेगवेगळ्या रंगांची एक्का-राजासुद्धा साधारण तेवढीच जिंकते. या पद्धतीला इंडिपेंडंट चिप मॉडेल म्हणतात. तिच्या मुळाशी असलेलं सूत्र डेव्हिड हार्व्हिलने १९७३ मध्ये मांडलं होतं, तेही घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भात. नानांना या गोष्टीचा केवढा आनंद आहे ते त्यांच्या तोंडूनच ऐकावं.

टप्पा ७००-१४००, अँटी १४००. नानांकडे ४१,०००, भावजींकडे ३३,०००, माझ्याकडे १०,०००, जाऊबाईंकडे ६०००. बिग ब्लाइंडला मी. जाऊबाईंनी टाकलं, नानांनी टाकलं, आणि स्मॉल ब्लाइंडवरून भावजींनी सगळं ढकललं. “बोला वहिनी.” मी पानं बघितली: राजा-दश्शी.

माझे २८०० आत गेलेले, ७२०० हातात. आणखी ७२०० घालून १८,६०० चा डाव. चिप्सच्या हिशेबाने ३९ टक्के हवेत आणि राजा-दश्शीला भावजींच्या ढकलण्यापुढे ते सहज मिळतात. एरवी हा कॉल विचार न करता करावा. पण माझ्या डावीकडे जाऊबाई ६००० घेऊन बसल्या होत्या आणि पुढच्याच डावात त्यांचा बिग ब्लाइंड होता, २८०० सक्तीने जाणार होते. भावजींना हे दिसत होतं, म्हणून तर ते काहीही घेऊन ढकलू शकत होते. त्यांची चाल उत्तम होती. तिचं उत्तम उत्तर मला कडू लागलं तरी तेच होतं. मी राजा-दश्शी टाकली. भावजींनी आपली पानं न दाखवता गड्डीत सारली.

पुढच्या डावाला नानांनी पहिल्या खुर्चीवरून ढकललं, भावजींनी आणि मी टाकलं. जाऊबाईंकडे राणी-अठ्ठी. ३२०० च उरलेले, त्यांना कॉल करणं भागच होतं. नानांची सत्त्यांची जोडी शेवटपर्यंत टिकली. तिघे उरलो, तिघांनाही गुण नक्की, आणि तो बांध फुटल्याबरोबर मी मोकळी झाले. ६५०० होते, पाचाला थोडे कमी ब्लाइंड. बटन माझं, इस्पिकची गुलाम-नव्वी. आदल्या डावात हीच पानं मी बघूनही न बघितल्यासारखी केली असती. आता लगेच ढकलली. भावजींनी एक्का-तिर्रीवर कॉल केलं, फ्लॉपला गुलाम आला, १५,१०० झाले. जवळजवळ अकरा ब्लाइंड, पुन्हा धाक असलेला स्टॅक.

बाकीचं थोडक्यात. भावजी आणि नाना भिडले, एक्का-राणीपुढे राजा-गुलाम गेला आणि भावजी तिसरे. मी आणि नाना समोरासमोर, त्यांच्याकडे माझ्या जवळजवळ पाचपट. एक्का-सत्तीवर मी ढकललं, त्यांना दश्श्यांची जोडी होती. ३० गुण.

रात्री सगळे सराफ्यात गेलो. दागिन्यांची दुकानं बंद झाली की तिथल्या खाऊच्या गाड्यांची गर्दी सुरू होते. भुट्ट्याच्या किसाच्या वाट्या हातात घेऊन तासभर वाद एकाच डावावर चालला होता. “राजा-दश्शी कुणी टाकतं का, वहिनी?” भावजींचं म्हणणं असं की जिंकले असते तर १८,६०० घेऊन पहिल्या क्रमांकासाठी लढता आलं असतं, आणि पहिल्याचे गुण ५० आहेत. यात तथ्य आहे. दुसऱ्या दिवशी मी सगळा हिशेब वहीत मांडला. टाकल्यावर माझ्या ७२०० चिप्सची किंमत सुमारे १५ गुण, कॉल करून जिंकल्यावर १८,६०० ची सुमारे २५. हरले तर शून्य. म्हणजे ६० टक्के हवेत. भावजी अगदी कुठल्याही दोन पानांवर ढकलतात असं धरलं, तर राजा-दश्शीला जेमतेम साठ मिळतात, आणि पुढच्या डावात जाऊबाईंचा ब्लाइंड होता ही गोष्ट तर या सूत्रात धरलेलीच नाही.

पुढच्या शनिवारी ते पान मी टेबलावर ठेवलं. नानांनी चष्मा लावून सगळे आकडे तपासले, एक भागाकार पुन्हा केला, आणि मग वेगळाच ठराव मांडला: पुढच्या वर्षी सगळे १०० गुण पहिल्यालाच द्यायचे का? तसं केलं तर ६० टक्क्यांची अट उरत नाही, चिप्सचे ३९ टक्के तेच गुणांचे ३९ टक्के, आणि राजा-दश्शी डोळे मिटून कॉल. भावजी खूश. दुसरं टोकही नानांनी सांगितलं. सॅटेलाइट स्पर्धांत वरच्या ठरावीक जणांना सारखंच बक्षीस मिळतं, आणि तिथे कधी कधी एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणं बरोबर असतं.

मी ठरावाविरुद्ध बोलले. गुणांची उतरंड आहे म्हणूनच चौथ्या आणि तिसऱ्या जागेमधली ती वीस मिनिटं खेळण्याजोगी होतात, म्हणूनच साडेतीन ब्लाइंडवाल्याला चार डाव मोजत बसण्यात अर्थ असतो. सगळं पहिल्याला दिलं तर मोठा ढीग कोण करतो एवढंच उरेल. जाऊबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, काकाही राहिले. पाच विरुद्ध चार मतांनी ५०-३०-२० कायम झालं. जाऊबाईंनी त्याच बैठकीत टप्पा वीसऐवजी पंचवीस मिनिटांचा करून घेतला, आणि त्याला भावजींचाही विरोध नव्हता.